रक्षणकर्ता आणि निरागस
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आपल्या वाङ्मयात प्रतिष्ठितांच्या पंक्तीला रहस्यकथेचे पान कधी मांडले गेले नाही. परंतु उशाखाली लपवून ती वाचली नाही, असा प्रतिष्ठित गृहस्थही विरळाच सापडेल. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजाराने आणि काळापहाडाने महाराष्ट्रातील व महाराष्ट्राबाहेरील किती मराठी घरे रात्री जागविली असतील, याची मोजदाद करणे कठीण आहे. अशा कथांतून एक जोडी आपल्याला वारंवार भेटते. एक जण जगाचे टक्केटोणपे खाऊन घट्ट झालेला, कमी बोलणारा, संकटाला सरावलेला. दुसरी व्यक्ती जगाच्या कपटापासून दूर राहिलेली, विश्वास ठेवण्यास चटकन तयार होणारी. दुसरीवर संकट येते, पहिला आड उभा राहतो, आणि संकट टळेपर्यंत दोघांची मने एकमेकांत गुंतून जातात.

इंग्रजी वाङ्मयात या जोडीची परंपरा जुनी आहे. ॲन रॅडक्लिफ या लेखिकेने १७९४ साली ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या कादंबरीत एका पोरक्या तरुणीला भीषण किल्ल्यात नेऊन ठेवले. १८४७ साली शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ आली. तिच्यात गूढ वाडा आहे, त्या वाड्याचा कठोर धनी आहे आणि त्याच्या घरी शिक्षिका म्हणून आलेली एकाकी मुलगी आहे. १९३८ सालची दाफ्ने द्यु मोरिए यांची ‘रेबेका’ ही त्याच घराण्यातली. भय आणि प्रीती ही दोन्ही एकाच दाराने आत येतात, हे या साऱ्या कथांचे मर्म होय.

आज मी या जोडीच्या अशा एका रूपाविषयी बोलणार आहे, की ज्यात रक्षणकर्ता पुरुष आहे आणि ज्याचे रक्षण व्हावयाचे तोही पुरुषच आहे. समलिंगी प्रेमाची ही रहस्यकथा आज इंग्रजीत विपुल लिहिली जाते व विपुल वाचली जाते. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणतो. तथापि जे वाङ्मय लोक आवडीने वाचतात, त्याच्या पोटात काय आहे हे पाहणे, हे वाचकाचे कर्तव्यच आहे. आणि शिक्षकाचे तर ते अधिकच आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. झुंजार जेव्हा कोणा अबलेच्या मदतीला धावतो, तेव्हा त्याच्यासमोर दुर्जन असतो आणि पाठीशी समाज असतो. फार तर पोलीस थोडे उशिरा येतात, इतकेच. परंतु ज्या दोघांचे प्रेमच कायद्याने गुन्हा ठरविले आहे, त्यांनी कोणाकडे धाव घ्यावी? इंग्लंडमध्ये १८८५ साली जो कायदा झाला, त्याने पुरुषापुरुषांतील असा संबंध चार भिंतींच्या आत घडला तरीही शिक्षेस पात्र केला. त्याच कायद्याखाली १८९५ साली ऑस्कर वाइल्ड या नामवंत नाटककाराला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. या कायद्याचा खरा लाभ झाला तो धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांना. एखादे पत्र हाती लागले, की त्यांचे जन्माचे साधले! म्हणूनच या कथांत रहस्य बाहेरून आणून घालावे लागले नाही. प्रेम हेच रहस्य होते, आणि ते उघडे पडणे हेच संकट होते.

या वाङ्मयाच्या उगमाशी ज्याचे नाव घ्यावे लागते, तो लेखक आपल्या माळव्यातील मराठी मंडळींना अगदीच परका नाही. ई. एम. फॉर्स्टर हे १९१२ मध्ये प्रथम हिंदुस्थानात आले. त्या प्रवासात ते देवासला गेले आणि पुढे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काम केले. त्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी देवासच्या देवीच्या टेकडीचेच नाव दिले आहे. इंदूरहून देवासला जाताना जी टेकडी दिसते, तीच ही. हिंदुस्थानच्या पहिल्या प्रवासाहून परतल्यावर १९१३ साली फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहावयास घेतली व पुढील वर्षी ती पुरी केली. परंतु ती प्रसिद्ध झाली १९७१ साली, लेखकाच्या निधनानंतर. सत्तावन्न वर्षे ते हस्तलिखित फक्त विश्वासातल्या मित्रांच्या हातांतून फिरत राहिले.

असे का व्हावे? पुस्तकात अश्लील असे काही नव्हते. अडचण होती ती शेवटाची. फॉर्स्टर यांनी १९६० साली लिहिलेल्या टिपणात स्पष्ट सांगितले आहे, की कथेचा शेवट सुखाचा करण्याचा त्यांचा निश्चय होता आणि त्यामुळेच ती छापणे कठीण झाले. नायकाने गळफास लावून घेतला असता, तर पुस्तक कदाचित खपवून घेतले गेले असते. दोघे जण सुखाने एकत्र राहतात, हे मात्र खपण्यासारखे नव्हते. अमेरिकेतही हीच रीत होती. १९५२ साली ‘स्प्रिंग फायर’ ही दोन तरुणींच्या प्रेमाची स्वस्त कादंबरी निघाली, तेव्हा टपालखाते अंक अडवील या भयाने प्रकाशकाने शेवट दु:खाचाच हवा, अशी अट लेखिकेला घातली होती. वाचकाने रडावे, परंतु आशा धरू नये, असा हा दंडक होता.

‘मॉरिस’मधील एक प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. मॉरिस हॉल हा लंडनमधील सुखवस्तू घरातला शेअरदलाल. ॲलेक स्कडर हा त्याच्या मित्राच्या जहागिरीवरील शिकाररक्षक, म्हणजे हलक्या वर्गातला नोकर. ॲलेकचे एक पत्र येते आणि मॉरिसच्या मनात संशय येतो, की हा आता धमकावून पैसे मागणार. दोघे ब्रिटिश म्युझियममध्ये भेटतात. दोघेही एकमेकांना भितात व भितात म्हणूनच एकमेकांवर गुरगुरतात. एवढ्यात मॉरिसचे शाळेतले जुने मास्तर डुसी तेथे येतात आणि मॉरिसला भलत्याच नावाने हाक मारतात. आपले नाव सांगताना मॉरिस बोलून जातो, की माझे नाव स्कडर! त्या एका शब्दाने भय विरून जाते. ज्याच्यापासून आपले रक्षण करावयाचे असे वाटत होते, त्याचेच नाव त्याने कवचासारखे अंगावर घेतले. पुढे ॲलेकने आर्जेंटिनाला नेणारे जहाज सोडून दिले, आणि दोघांनी मिळून समाजाची चौकट सोडली. येथे रक्षणकर्ता कोण आणि रक्षित कोण? मला तरी तो निवाडा करता येत नाही, आणि लेखकाला तो करावयाचाही नव्हता.

शिक्षकाच्या नजरेतून मला त्या डुसी मास्तरांविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. कादंबरीच्या प्रारंभी हेच मास्तर समुद्रकिनाऱ्यावर वाळूत आकृत्या काढून मॉरिसला स्त्रीपुरुषसंबंधांची माहिती देतात. पुढे चालू लागल्यावर त्यांना आठवते, की आकृत्या पुसावयाच्या राहिल्या. आणि कोणी पाहील म्हणून त्यांची गाळण उडते! निरागसता जपण्याच्या नावाखाली आपण वडील मंडळी मुलाला अर्धे ज्ञान देतो आणि त्या अर्ध्याचीही लाज बाळगतो. पूर्वसूचनेवाचून जगात सोडलेला मुलगा निरागस राहत नाही, तो निराधार होतो. या दोन शब्दांतील अंतर या साऱ्या कथांनी मला शिकविले.

आता दुसरे उदाहरण चित्रपटाचे घेतो. १९६१ साली इंग्लंडमध्ये ‘व्हिक्टिम’ हा बोलपट निघाला. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. डर्क बोगार्ड यांनी त्यात मेल्व्हिल फार नावाच्या नामांकित बॅरिस्टराची भूमिका केली आहे. बॅरेट नावाचा एक साधा तरुण त्याला पुन:पुन्हा दूरध्वनी करतो. हा पैशासाठी छळणार अशा समजुतीने बॅरिस्टर त्याला टाळतो. वस्तुस्थिती उलट असते. बॅरिस्टराचे नाव जगासमोर येऊ नये, म्हणून धमकी देणाऱ्यांची भर करीत तो पोरगा मालकाच्या पैशाला हात लावून बसलेला असतो. पोलीस त्याला पकडतात, आणि बॅरिस्टराचे नाव ओठांवर येण्यापूर्वीच तो कोठडीत गळफास घेतो. म्हणजे पाहा, बळ, पैसा, कायद्याचे ज्ञान सारे एकाकडे. रक्षण मात्र केले ते दुसऱ्याने, आणि तेही प्राण देऊन. त्यानंतर बॅरिस्टर आपली कीर्ती व संसार पणाला लावून त्या टोळीचा पिच्छा पुरवितो. वुल्फेंडन समितीने १९५७ सालीच हा कायदा बदलण्याची शिफारस केली होती. इंग्लंड व वेल्समध्ये तो बदलला १९६७ साली. त्या दहा वर्षांच्या वादात या बोलपटाने लोकमतावर काही संस्कार केला, असे पुष्कळांचे मत आहे.

अमेरिकेत या वाङ्मयाला कणा दिला तो जोसेफ हॅन्सन यांनी. त्यांचा ‘फेडआउट’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. नायक डेव्ह ब्रँडस्टेटर हा कॅलिफोर्नियातील विमा कंपनीचा तपासनीस. मृत्यूचा दावा खरा की खोटा, हे पाहणे त्याचे काम. करारी, नेटका, मोजके बोलणारा. जुन्या अमेरिकन हेरकथेतला म्हणावा तसाच. भेद इतकाच, की तो समलिंगी आहे आणि त्याबद्दल त्याला खंतही नाही व मिरविण्याची हौसही नाही. पुस्तक सुरू होते तेव्हा त्याच्या बावीस वर्षांच्या सहचराचे कर्करोगाने निधन झालेले असते. हा कणखर माणूस दिवसा परक्या मृत्यूचा तपास करतो आणि रात्री आपल्या रिकाम्या घरात परततो. विधुराचे दु:ख आपण पुष्कळ वाचले आहे. परंतु ज्याला विधुर म्हणण्यासही जग तयार नाही, त्याचे दु:ख हॅन्सन यांनी मांडले. त्या वेळी कॅलिफोर्नियात अशा संबंधांविरुद्धचा कायदा अस्तित्वात होता. तो रद्द करणारा कायदा मंजूर झाला १९७५ साली. १९९१ पर्यंत या मालिकेची बारा पुस्तके निघाली.

त्यानंतर या प्रवाहाला अनेक फाटे फुटले. १९८० साली व्हिन्सेंट व्हर्गा यांची ‘गेविक’ आली. जुन्या वाड्यात ग्रंथसंग्रहाची सूची करावयास आलेला तरुण आणि वाड्याचा दु:खी धनी, अशी ‘जेन एअर’च्या वळणाचीच ती कथा आहे. चालू शतकात छोट्या प्रकाशनसंस्था आणि संगणकावर वाचावयाची पुस्तके यांमुळे तर अशा कथांना पूर आला. पोलीस अधिकारी, अंगरक्षक, सैन्यातून परतलेला शिपाई हा एक; पुस्तकविक्रेता, वादक, शिक्षक, साक्षीदार म्हणून अडकलेला कारकून हा दुसरा. ठरीव साचा, ठरीव शेवट. लिहिणाऱ्यांत व वाचणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, ही गोष्टही नमूद करण्याजोगी आहे. माझ्या मते त्याचे कारण असे, की स्त्रीपुरुषांच्या कथेत कोणी आड उभे राहावयाचे व कोणी मागे लपावयाचे हे रूढीने आधीच ठरविलेले असते. दोन पुरुषांच्या कथेत ते दोघांनाच ठरवावे लागते. ते ठरताना पाहण्यात वाचक स्त्रीला गोडी वाटत असावी.

या साच्यातून वर उठलेले उदाहरण म्हणून जोश लॅनियन या टोपणनावाने लिहिलेली एड्रियन इंग्लिशची मालिका सांगता येईल. २००० साली तिचे पहिले पुस्तक निघाले व २००९ साली पाचवे. एड्रियन हा कॅलिफोर्नियातील रहस्यकथांचा पुस्तकविक्रेता. लहानपणच्या आजाराने त्याचे हृदय दुबळे झाले आहे. त्याच्या दुकानातील नोकराचा खून होतो आणि संशय त्याच्यावरच येतो. तपासाला येतो तो लॉस एंजलिसच्या पोलीसदलातील जेक रायर्डन. बंदुकीपुढे छाती काढणारा हा गडी. परंतु आपण कोण आहोत हे सहकाऱ्यांना कळेल, या कल्पनेने त्याचे पाय कापतात. तो भय झाकण्यासाठी एका स्त्रीशी विवाहही करतो, आणि त्यामुळे तीन आयुष्ये होरपळतात. उलट ज्याला दोन जिने चढता धाप लागते, तो एड्रियन मात्र उघडपणे, कोणाशी खोटे न बोलता जगत असतो. कायदा जाऊन पंचवीस वर्षे लोटली, तरी भय गेले नव्हते. देहाचे धैर्य निराळे आणि सत्याचे धैर्य निराळे, हे पाच पुस्तकांच्या लांबीत जेकला शिकावे लागते, आणि शिकविणारा असतो तो दुबळ्या हृदयाचा माणूस.

श्रोतेहो, या वाङ्मयावर आक्षेप नाहीत असे नव्हे. रक्षण करणारा हळूहळू मालक होऊ लागतो. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून तो दार लावून घेतो, पत्रे वाचतो, कोणाला भेटावे व कोणाला नाही हे ठरवितो. आणि लेखक त्यालाच प्रेम म्हणून आपल्यापुढे ठेवतो. निरागस माणूस तर पुष्कळदा एवढा बावळट रंगविलेला असतो, की त्याने सकाळी घराबाहेर पडावे कसे, अशी वाचकाला चिंता पडते! अशा पुस्तकांना माझे समर्थन नाही. पहारा आणि पाठराखण या दोन भिन्न वस्तू आहेत. पाठराखण करणारा मागे उभा असतो, वाट अडवून पुढे नव्हे. चांगली कथा ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: ज्याचे रक्षण होत आहे, त्याला ‘नाही’ म्हणता येते का, आणि त्याने तसे म्हटले तर रक्षणकर्ता ऐकतो का? ही कसोटी विवाहित जोडप्यांच्या कथांनाही लावून पाहावी. तेथेही बरीच पुस्तके उतरणार नाहीत.

आपल्याकडे काय आहे? हिंदुस्थानात इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम दीड शतकाहून अधिक काळ राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. अशा विवाहाला मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. म्हणजे गुन्हा गेला, पण घराला आधार अद्याप नाही. मराठीत बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ हे पुस्तक २००५ साली आले. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत एका मराठी घरातील भाऊ व बहीण दोघेही एकाच पाहुण्या भाडेकरूवर जीव जडवितात व तो दोघांनाही सोडून निघून जातो. तेथे रक्षणकर्ता कोणीच नाही; प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली, आणि स्वत: ‘मर्डर इन माहीम’ ही रहस्यकथा २०१७ साली लिहिली.

या रहस्यकथेत मुंबईतील माटुंगा रोड स्थानकाच्या शौचालयात एका तरुणाचा खून होतो. तपास करणारा इन्स्पेक्टर जेंडे आणि त्याचा मित्र, निवृत्त पत्रकार पीटर डिसोझा. पीटरच्या मनात निराळाच काटा सलत असतो: आपला मुलगाही ‘तसा’ तर नसेल ना? तपासाच्या निमित्ताने तो अशा तरुणांच्या जगात शिरतो आणि त्यांच्यावरील दहशत त्याला दिसते. येथे कणखर प्रियकर नाही. रक्षणकर्ता होऊ पाहतो तो एक साधा, गोंधळलेला, प्रेमळ बाप. मला हे फार मोलाचे वाटते. कारण प्रत्यक्ष जगात अंगरक्षक नि हेर कितीशा मुलांच्या वाट्याला येतात? त्यांच्या वाट्याला येतात आईबाप, थोरला भाऊ, शेजारी आणि मास्तर.

प्रत्येक शाळेत असा एखादा मुलगा असतो, की ज्याच्या चालण्याबोलण्याची इतर मुले नक्कल करतात. त्याला ‘बायल्या’ म्हणतात, त्याच्या वहीवर काहीबाही लिहून ठेवतात. तो पुढे कोण होणार, कोणावर प्रेम करणार, हे त्यालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही ते विचारण्याचे कारण नाही. परंतु वर्गात ती हाक ऐकू आल्यावर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहावयाचे, की खडू खाली ठेवून वळावयाचे, एवढे मात्र आपल्या हाती असते. त्यासाठी भरदार छाती लागत नाही, पिस्तूल लागत नाही. तसेच एखाद्या मुलाने घरी येऊन आईबापांना काही सांगण्याचा प्रयत्न केला, तर ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य क्षणभर ओठांआड ठेवणे, एवढेही पुष्कळ झाले. ‘व्हिक्टिम’मधील त्या बॅरेटचा दूरध्वनी कोणी तरी एकदा घेतला असता, तर त्या चित्रपटाची कथा घडलीच नसती.

या कथांचे वाचक केवळ मनोरंजनासाठी त्या वाचतात, असे म्हणून त्या बाजूला सारणे सोपे आहे. परंतु फॉर्स्टर यांनी ज्या सुखी शेवटासाठी सत्तावन्न वर्षे हस्तलिखित पेटीत ठेवले, तो शेवट आज कोणताही वाचक पुस्तकाच्या दुकानातून उघडपणे घरी नेऊ शकतो. त्या शेवटाला आपण बाळबोध म्हणू, ठरीव म्हणू. ज्या मुलाला आपल्या वाट्याला फक्त गळफास किंवा परागंदा होणेच आहे असे वाटत आले, त्याला तो बाळबोध वाटत नाही. शेवटच्या पानावर दोघे जण जिवंत आहेत आणि चुलीवर चहा उकळत आहे, एवढे वाचूनही त्याला रात्री झोप लागते.